सामायिक संगणक आणि कचेरीचीं माणसें

आज मला आपल्यापुढें जो विषय मांडावयाचा आहे, तो वरवर पाहतां यंत्राचा वाटेल. पण वस्तुतः तो माणसांचा आहे. कचेरींत, कारखान्यांत, शाळेंत, पतपेढींत किंवा गांवच्या दूधसंस्थेंत संगणक येतो. तो एकट्याच्या मेजापुरता नसून साऱ्या मंडळींनीं मिळून वापरावयाचा असतो. मग असें दिसून येतें कीं, खोकीं उघडून यंत्र मांडावयास एक दिवस पुरला, परंतु तें कामांत मुरावयास वर्ष लागलें, आणि कांहीं ठिकाणीं तें मुरलेंच नाहीं. असें कां होतें, आणि तसें होऊं नये म्हणून बरोबरच्या माणसांनीं व वरिष्ठांनीं काय करावें, एवढाच प्रश्न मी आज घेणार आहें. मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हें. जन्मभर खडू हातांत धरलेला एक शिक्षक आहें. परंतु माणूस शिकतो कसा आणि शिकावयाचा थांबतो कसा, हें पाहण्यांत आयुष्य गेलें असल्यामुळें ह्या विषयावर चार शब्द बोलावयास हरकत नाहीं असें मला वाटतें.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. कचेरींत टाइपरायटर आला, तेव्हां तो एका कारकुनाचा होता. जो शिकला त्याचें काम सुबक झालें. शेजारचा टाकानें लिहीत राहिला, तरी पहिल्याचें कांहीं अडलें नाहीं. सामायिक संगणकाचें तसें नाहीं. समजा, पांच जणांच्या कचेरींत आवक-जावक नोंदवही संगणकावर ठेवावयाचें ठरलें. चौघांनीं नियमानें नोंदी केल्या आणि पांचव्यानें आपली जुनी वही कपाटांत चालूं ठेवली, तर त्या चौघांचेहि श्रम फुकट जातात. कारण, ‘अमुक पत्र आलें आहे काय?’ ह्या प्रश्नाला संगणकानें ‘नाहीं’ म्हणून सांगितलें, तरी तें पांचव्याच्या कपाटांत असूं शकतें! मग प्रत्येक जण दोन्हीकडे शोधूं लागतो आणि काम निम्में होण्याऐवजीं दुप्पट होतें. सारांश, सामायिक साधन हें विहिरीवरच्या सामायिक मोटेसारखें आहे. पाळी सर्वांनीं पाळली तरच पाणी सर्वांना मिळतें. म्हणून येथें शिकावयाचें असतें तें एकट्यादुकट्यानें नव्हे, तर साऱ्या मंडळीनें. आणि शिकविण्याची रीतिहि त्यास अनुसरून असावी लागते.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला मिळून काम करण्याचें हें शास्त्र परकें नाहीं. ‘गोकुळ’ ह्या नांवानें आपण ज्याला ओळखतों, तो जिल्हा दूधसंघ १९६३ सालीं स्थापन झाला. गांवोगांवच्या दूधसंस्थांत पूर्वीं मापानें दूध मोजीत व वहींत आंकडा मांडीत. पुढें विजेवर चालणारा काटा आला, फॅट तपासणारें यंत्र आलें, आणि त्यांना जोडून संगणकहि आला. पहांटे शेणामातीचे हात धुऊन किटली घेऊन येणाऱ्या बाईनें हें यंत्र कां मानलें? कांहीं व्याख्यान ऐकून मानलें नाहीं. काट्यावरचा आंकडा तिला स्वतःला दिसूं लागला, वजन व फॅट लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातांत पडूं लागली, आणि बिलाच्या दिवशीं त्या चिठ्ठ्यांचा मेळ तिला घरच्या घरीं घालतां येऊं लागला. जिच्या मनांत शंका होती, तिच्याच डोळ्यांसमोर शंका फिटली. ह्यांत पहिलें तत्त्व आहे. ज्याला यंत्रावर विश्वास ठेवावा लागणार, त्याला यंत्राचा पडदा दिसला पाहिजे. ज्या कचेरींत नोंद करणारा एक, ती पाहणारा दुसरा, आणि त्या नोंदीवरून जाब विचारणारा तिसरा असतो, तेथें नोंद करणारा माणूस संगणकाला चाकरी समजतो, मदत समजत नाहीं.

आतां आपल्याच जिल्ह्यांतील एक मोठा प्रयोग पाहूं. सहकारमहर्षि तात्यासाहेब कोरे ह्यांनीं उभारलेल्या वारणानगरचें नांव आपणांस माहीत आहेच. १९९८ सालीं केंद्र सरकारच्या माहितीतंत्रज्ञानविषयक कृतिदलाच्या प्रेरणेनें तेथें कोल्हापूर व सांगली ह्या जिल्ह्यांतील सत्तर गांवांना संगणकाच्या जाळ्यानें जोडण्याची योजना हातीं घेण्यांत आली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्था ह्यांनीं खर्च वांटून घेतला, व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानें तांत्रिक बाजू सांभाळली. गांवांतील केंद्रावर शेतकऱ्याला बाजारभाव कळावे, पिकांविषयीं सल्ला मिळावा, सरकारी दाखले मिळावे, मुलांना शिक्षण मिळावें, असे पुष्कळ हेतु मांडले गेले होते. आणि प्रत्यक्षांत तीं केंद्रें मुख्यतः कशाला उपयोगीं पडलीं? उसाच्या कामाला! लागणीची नोंद, तोडणीची पाळी, गेलेल्या उसाचें वजन, खताची उचल, ह्या गोष्टींसाठीं शेतकरी तेथें येत. बाकीचे हेतु बहुतांशीं मागें पडले.

कोणी म्हणेल, योजना फसली. मला तसें वाटत नाहीं. उसाचीं कामें पूर्वींहि चालत होतीं. त्यांसाठीं कारखान्याच्या कचेरींत खेटे घालावे लागत, किंवा चिटबॉयची वाट पाहावी लागे. त्या नेहमींच्या वाटेवरचा खड्डा संगणकानें बुजविला, म्हणून लोक त्या वाटेनें गेले. जीं कामें लोक मुळांत करीतच नव्हते, तीं केवळ यंत्र आणून ठेवल्यानें सुरू झालीं नाहींत. दुसरें तत्त्व हेंच. संगणकाला नवें काम शोधून देऊं नये. चालूं असलेल्या कामांत कोठें ठेंच लागते तें आधीं पाहावें, आणि तेथें तो नेऊन ठेवावा.

ह्या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. संगणकाला वीज लागते, तो बिघडला तर दुरुस्त करणारा लागतो, आणि खर्चहि येतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बंगळूर येथील संशोधन विभागांतील मंडळींनीं वारणेस येऊन हें सारें पाहिलें, आणि सात गांवांत आठ महिने एक वेगळा प्रयोग केला. शेतकऱ्यानें मोबाईल फोनवरून एक लहानसा संदेश पाठवावयाचा, आणि कारखान्याकडील संगणकाशीं जोडलेल्या फोननें त्याला त्याच्या उसाचा हिशेब उलट संदेशानें कळवावयाचा, इतकी साधी ती रचना होती. २००७ सालीं त्यांनीं आपला अनुभव निबंधरूपानें जाहीर केला. जुन्या केंद्रांवरील सर्व कामें फोनवर होऊं शकलीं, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना तीच रीत अधिक सोयीची वाटली, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे काय झालें पाहा. अधिक शक्तिमान यंत्र बाजूला सारून लोकांनीं अधिक लहान यंत्र पसंत केलें, कारण तें त्यांच्या खिशांत होतें व तें कसें वापरावयाचें हें त्यांना ठाऊक होतें. त्या संशोधकांपैकीं एक, केंटारो टोयामा, ह्यांनीं पुढें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असा सिद्धान्त मांडला कीं, यंत्र माणसांची असलेली शक्ति आणि इच्छा वाढवितें. नसलेली उत्पन्न करीत नाहीं. मला हें वाक्य शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावेसें वाटतें.

परंतु इच्छा कां नसते? येथें आपण कर्मचाऱ्याला नेहमीं आळशी किंवा जुनाट ठरवून मोकळे होतों. तें न्याय्य नाहीं. बँकांचेंच उदाहरण घ्या. एके काळीं बँकांतील कर्मचारी संघटनांनीं संगणकाला कडवा विरोध केला होता. ज्यांच्या पोटावर पाय येण्याची भीति आहे त्यांनीं विरोध करावा ह्यांत नवल तें काय? ती अढी एका हुकुमानें सुटली नाहीं. १९८३ पासून १९९३ पर्यंत व्यवस्थापन आणि संघटना ह्यांच्यांत टप्प्याटप्प्यानें करार झाले; कोणत्या कामाला यंत्र घ्यावयाचें, किती घ्यावयाचीं, यंत्रावर बसणाऱ्याला भत्ता काय द्यावयाचा, हें समोरासमोर बसून ठरविण्यांत आलें. आज ज्या सुलभतेनें आपण कोणत्याहि शाखेंतून आपले पैसे काढतों, तिच्या पायांत यंत्रांइतकेच हे करारहि आहेत. भीतीला उत्तर हुकुमानें देतां येत नाहीं. तें स्पष्ट शब्दांत दिलेल्या हमीनें द्यावें लागतें. कोणाचें काम जाणार, कोणाचें बदलणार, आणि बदललेल्या कामाचा मोबदला काय, हें पहिल्या दिवशीं सांगावें.

भीतीखेरीज दुसरी गोष्ट आहे ती श्रमांची. सामायिक संगणकाचा एक विचित्र स्वभाव असा कीं, नोंद करण्याचे कष्ट एकाला पडतात आणि सोय दुसऱ्याला होते. सात-बाराचेंच पाहा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा घरबसल्या मिळूं लागला, आणि शहरांतील आपणां सर्वांना केवढा आनंद झाला! पण त्यापूर्वीं हस्तलिखित सात-बारा आणि संगणकांतील सात-बारा हे ओळीनें ओळ ताडून पाहावे लागले. गट क्रमांक, क्षेत्र, खातेदारांचीं नांवें, बोजे, एकेक शब्द जुळवावा लागला. तें काम तेव्हांच्या तलाठ्यांनीं केलें. दिवसा जाळें मंद चालतें म्हणून कित्येकांनीं रात्रीं जागून केलें. त्यांची सोय झाली ती मागाहून. कष्ट मात्र आधीं झाले. अशा वेळीं वरिष्ठांनीं दोन गोष्टी कराव्या. ज्याच्यावर नोंदीचा भार पडतो, त्याच्या अंगावरचें दुसरें कांहीं काम तेवढ्यापुरतें उतरवावें. आणि त्याच्या नोंदींतून त्याला स्वतःला कांहीं तरी उपयोग होईल, निदान महिन्याचा तक्ता हातानें आंखावा लागणार नाहीं, अशी व्यवस्था करावी. निव्वळ परोपकारावर रोजची नोंदवही चालत नाहीं.

तिसरी अडचण हातांच्या संवयीची. मराठी टंकलेखन शिकलेल्या कारकुनाचीं बोटें रेमिंग्टनच्या मांडणीवर वर्षानुवर्षे बसलेलीं. त्याला संगणक दिला, आणि त्याबरोबर अक्षरांची दुसरीच मांडणी दिली, तर त्याचा वेग एका दिवसांत नवशिक्याएवढा होतो. वीस वर्षांची प्रतिष्ठा त्या दिवशीं धुळीस मिळते! शिवाय आणखी एक घोटाळा फार दिवस चालला. मराठीचे जुने फॉन्ट असे असत कीं, संगणकाच्या पोटांत रोमन अक्षरें सांठविलीं जात आणि फक्त पडद्यावर तीं देवनागरी दिसत. एका कचेरीनें पाठविलेला मजकूर दुसरीकडे तोच फॉन्ट नसला कीं निरर्थक चिन्हांचा कचरा होऊन उघडे. तेव्हां कारकून काय करी? तो कागदावर छापून शिपायाबरोबर धाडी. तो कांहीं नव्याचा शत्रु नव्हता; तो शहाणा होता. युनिकोड ह्या समान संकेतानें पुढें ती अडचण दूर केली, आणि जुन्या मांडणीनें टंकलेखन करूनहि युनिकोड अक्षरें उमटविण्याची सोय झाली. जेथें ही सोय कारकुनाला दाखविण्यांत आली, तेथें बोटें पूर्ववत् धांवूं लागलीं. म्हणून, संगणकाभोंवतीं माणसें कांहीं आडवाटा काढतांना दिसलीं, तर रागावूं नये. पडद्याशेजारीं चिकटविलेली चिठ्ठी, कडेला ठेवलेली छोटी वही, ह्या बेशिस्तीच्या खुणा नव्हेत. तेथें यंत्रांत कांहीं उणें आहे अशा त्या खुणा आहेत. शेरा लिहावयास जागा नाहीं म्हणून चिठ्ठी चिकटविलेली असते! ती जागा करून द्यावी; चिठ्ठी आपोआप गळून पडेल.

आतां शिकविण्याविषयीं, कारण तो माझा धंदा. मुलाच्या हातांतील पेन्सिल शिक्षकानें काढून घेऊन अक्षर गिरवूं नये, हा आमचा पहिला पाठ. कचेरींत नेमका तोच मोडतो. तरुण सहकारी वयस्काला म्हणतो, ‘थांबा सर, मी करून देतों,’ आणि चार कळा दाबून मोकळा होतो. त्यांत त्याचा हेतु चांगला असतो, पण परिणाम वाईट होतो. मीं एका शाळेंत पाहिलें आहे. विद्यार्थ्यांची सारी माहिती संगणकावर भरण्याचें काम आलें. सात शिक्षकांपैकीं एका तरुण शिक्षकानें सर्वांचें भरून दिलें. मुख्याध्यापकांचा पासवर्डहि त्याच्याचपाशीं. निवृत्तीला आलेले ते सत्शील गृहस्थ. त्यांच्या नांवानें, त्यांनीं न वाचलेले कागद वर जाऊं लागले. पुढें एका आंकड्यांत चूक निघाली आणि खुलासा मागण्यांत आला, तेव्हां सही त्यांची, नोंद दुसऱ्याची, आणि तो तरुण बदलून दुसऱ्या तालुक्यांत गेलेला! त्या वृद्ध गृहस्थांनीं तो कागद किती वेळ हातांत धरला होता, तें मला अजून आठवतें. शाळेनें संगणक स्वीकारला होता असें म्हणतां येईल काय? मुळींच नाहीं. एका मुलानें तो शाळेच्या वतीनें वाहिला होता, एवढेंच.

ह्यावरून कांहीं साधे नियम सुचतात. शिकणाऱ्याचा हात कळफलकावर आणि शिकविणाऱ्याचा हात पाठीमागें असावा. शिकवणीचा वर्ग एकदांच आठ तास न घेतां रोज अर्धा तास, आणि तोहि प्रत्यक्ष चालूं कामावर, पंधरा दिवस घ्यावा. वयानें मोठ्या माणसाला चारचौघांत चुका करावयाची पाळी आणूं नये. त्याला आधीं एकांतांत शिकवावें आणि मग त्याच्याकडून इतरांना शिकवावें. शिकविणारा बाहेरून चार दिवस येऊन जाणारा असण्यापेक्षां त्याच कचेरींतला असावा, आणि त्या कामासाठीं त्याला वेळ नेमून द्यावा. नाहीं तर उत्साही माणूस तेवढा राबतो. प्रत्येक कामाच्या पायऱ्या मराठींत, मंडळींच्या स्वतःच्या शब्दांत, एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीस लावाव्या. आणि एक पासवर्ड एकाच माणसाचा, ह्या नियमाला देवघरांतील सोवळ्याइतकें जपावें.

जुन्या वहीचें काय करावें? कांहीं अधिकारी पहिल्याच दिवशीं ती बंद करतात. मग वीज गेली कीं कचेरी थांबते आणि लोक यंत्राला शिव्या देतात. दुसरे ती कधींच बंद करीत नाहींत. मग कर्मचारी जन्मभर दुहेरी नोंद करीत बसतो. मधला मार्ग असा कीं, दोन-तीन महिने दोन्ही चालवावीं, दर आठवड्यास दोहोंचा मेळ घालावा, मेळ बसूं लागला म्हणजे सर्वांना विचारून एक तारीख ठरवावी, आणि त्या दिवशीं वही खरोखरीच बंद करावी. तारीख ठरविणें हा त्यांतला प्राण आहे. तोपर्यंत सवड आहे हें माणसाला कळतें, आणि त्यानंतर सवड नाहीं हेंहि कळतें.

एक शेवटची गोष्ट आपल्या घरांशीं निगडित आहे. व्हॉट्सअॅप हें साधन कोणत्याहि कचेरीनें शिकविलें नाहीं. तें माणसें घरूनच शिकून आलीं. २०२० सालीं महामारीनें शाळा बंद झाल्या, तेव्हां शिक्षकांनीं त्याच्याच आधारें मुलांशीं नातें टिकविलें. जें सोपें व ओळखीचें असतें तें लोक आपण होऊन घेतात, ह्याचा तो पुरावाच. परंतु जें सहज येतें तें सहज घरांतहि शिरतें. रात्रीं दहा वाजतां साहेबांचा हुकूम फोनवर येतो. जेवणाच्या ताटावरून बाई उठते, आणि सकाळपर्यंत माहिती द्यावयाची असते. ही सोय नव्हे. ही कचेरीची भिंत पडली आहे. म्हणून प्रत्येक मंडळीनें एकदां बसून ठरवावें कीं, अमुक वेळेनंतर आलेल्या निरोपाचें उत्तर दुसऱ्या दिवशीं. तातडीचें असेल तर सरळ बोलावें. आणि हुकूम असेल तो हुकुमाच्याच वाटेनें यावा. यंत्राच्या वापराचे नियम करणें हाहि यंत्र शिकण्याचाच एक भाग आहे, किंबहुना सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणी कचेरींत अधिकारी असतील, कोणी नुकतेच नोकरीस लागलेले असतील, कोणाचे वडील निवृत्तीपूर्वीं दोन वर्षें नव्या यंत्राशीं झगडत असतील. त्या सर्वांना माझी एवढीच विनंती कीं, पुढच्या वेळीं ‘अमक्याला संगणक जमत नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: त्याला तो कोणीं, कसा शिकविला? आणि त्याचें कोणतें ओझें त्यानें हलकें होणार होतें? ह्या दोहोंचीं उत्तरें ज्या कचेरीला देतां येतात, तेथें यंत्र नव्यानें आलें काय आणि पुढें बदललें काय, काम अडत नाहीं. कारण तेथें माणसें एकमेकांना विचारावयास शिकलेलीं असतात. तें शिकणें जुनें होत नाहीं.